छतावरची रांगोळी

गेल्या जानेवारीत माझ्या पत्नीच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया इथे मुसफ्फात झाली. शस्त्रक्रिया दुर्बिणीची, म्हणजे हल्लीच्या हिशेबाने किरकोळ. पण तिचं वय एकाहत्तर, रक्तदाबाचा त्रास जुना, आणि राहतं घर लेकीचं असलं तरी गाव परकं. सकाळी साडेसहाला तिला स्ट्रेचरवरून आत नेलं. "अहो, माझा वाचायचा चष्मा तेवढा सांभाळा," एवढंच ती म्हणाली आणि दार लागलं.

सगळं व्यवस्थित पार पडलं. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर चहा घेताना तिने सहज सांगितलं, "आत नेल्यावर पाऊण तास मला एका खोलीत नुसतंच ठेवलं होतं. आडवं पडून वर बघण्याशिवाय दुसरं करणार काय? छताच्या टाइलींना बारीक भोकं होती. ती मोजली. नऊ ठिपके, नऊ ओळी धरल्या आणि मनातल्या मनात जोडत गेले. आईची कमळांची रांगोळी आठवत होती, ती काढायला घेतली. मधेच नर्स नाव विचारायला आली आणि एक ओळ चुकली. मग पुन्हा पहिल्यापासून."

"भीती नाही वाटली?"

"रांगोळी पुरी होईपर्यंत नाही वाटली."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. रुग्णालय बांधताना भिंतींचा रंग ठरतो, दर्शनी दालनातला संगमरवर ठरतो, स्वागतकक्षामागचं मोठं चित्र ठरतं. पण जो माणूस तिथे सर्वांत जास्त घाबरलेला असतो, तो उताणा असतो. त्याच्या डोळ्यांसमोर असतं ते छत, आणि छताचा विचार केलेला असतो तो दिवे, गारव्याच्या जाळ्या आणि आग विझवणाऱ्या पाण्याच्या तोट्या कुठे बसवायच्या एवढ्यापुरता. माझ्या पत्नीने ती उणीव स्वतः भरून काढली. सगळ्यांना ते जमेलच असं नाही.

प्रतीक्षागृहातला पट्टा

त्याच पाऊण तासात मी बाहेर प्रतीक्षागृहात होतो. मुसफ्फा हे अबुधाबीचं कारखान्यांचं उपनगर. एम-१४, एम-३७ अशा आकड्यांनी ओळखले जाणारे विभाग, त्यांत गॅरेज, फॅब्रिकेशनची वर्कशॉप, गोदामं, कामगारांच्या वसाहती. आणि शेजारी शाबियात आपल्यासारख्या कुटुंबांच्या इमारती. इथल्या रुग्णालयाच्या बाकावर एका वेळी सहा-सात भाषा बसलेल्या असतात. मल्याळम, बंगाली, पश्तो, नेपाळी, तागालोग, अरबी, हिंदी. पाट्या अरबी आणि इंग्रजीत. ज्याला त्या दोन्ही वाचता येत नाहीत असा माणूस हातातला टोकन नंबर आणि समोरचा पडदा यांच्याकडे आळीपाळीने बघत बसतो.

समोरच्या भिंतीवर चार-पाच मीटर लांबीचं एक चित्र होतं. चित्र तरी कसलं? रुंद पट्टे, एका टोकाला फिकट पिवळे, मग तांबूस, मग जांभळे, शेवटी गडद निळे. मी ते केव्हाच 'शोभेचा वॉलपेपर' या खात्यात टाकून दिलं होतं. पुण्याच्या बहिणीशी मी फोनवर बोललो, तेव्हा शेजारचा एक तरुण वळून म्हणाला, "काका, महाराष्ट्रातलं का तुम्ही?" तो सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातला. इथे एका वर्कशॉपमध्ये वेल्डर. खोलीतल्या जोडीदाराचं बोट मशीनमध्ये सापडलं होतं, त्याला घेऊन आला होता. बोलता बोलता त्याने त्या चित्राकडे हनुवटी वळवली.

"हे आमचंच काम आहे बघा. स्टेनलेसच्या पायपाला वेल्ड मारला की शेजारी अस्सेच पट्टे उमटत्यात. शिवणीजवळ निळा, मग जांभळा, मग तांबूस, आणि लांब गेलं की पिवळसर."

"मग ते रंग तसेच ठेवता?"

"छ्या! पेस्ट लावून, घासून काढायचं. राहिलं तर इन्स्पेक्टर पास करत नाही. पण दिसायला लई भारी असतंय. हितं कुणी घासलं नाही, ते बरं केलं."

त्याचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. तापलेल्या पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. त्या थराच्या जाडीप्रमाणे परावर्तित प्रकाशाचे काही रंग एकमेकांना मारतात, काही उठून दिसतात. तिथे रंगद्रव्य काहीच नसतं. जितकी उष्णता जास्त तितका थर जाड, आणि रंग पिवळ्याकडून निळ्याकडे सरकतो. गंज लागू नये म्हणून स्टेनलेसवरचे हे डाग काढावे लागतात. ते चित्र काढणाऱ्याच्या मनात हे होतं असं मी म्हणत नाही. पण माझ्या लेखी जो वॉलपेपर होता, त्यात त्या मुलाला त्याच्या हातचं रोजचं काम दिसलं, आणि जोडीदाराच्या बोटाची काळजी करत बसलेला तो दहा मिनिटं मोकळेपणाने बोलला.

या दोन प्रसंगांमुळे मी रुग्णालयांतल्या अमूर्त कलेबद्दल वाचू लागलो. त्या वाचनातून जे हाती लागलं ते मंडळाच्या वाचकांपुढे ठेवतो आहे.

अमूर्त म्हणजे काय, आणि जागेचं म्हणजे काय

अमूर्त चित्र म्हणजे ज्यात ओळखीची वस्तू नाही. रंग, रेषा, आकार आणि त्यांतलं अंतर एवढंच आहे. मराठी माणसाला हा प्रकार परका नसावा. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, आणि भारतातल्या अमूर्त चित्रकलेतलं सर्वांत मोठं नाव ठरले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. तरीही असल्या चित्रापुढे उभं राहिलं की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "हे आहे काय?" संग्रहालयात हा प्रश्न पडायला हरकत नाही, तिथे आपण हौसेने गेलेलो असतो, कंटाळलो की पुढे सरकतो. रुग्णालयात माणूस नाइलाजाने आलेला असतो आणि खाटेवरून उठून दुसऱ्या दालनात जाऊ शकत नाही.

दुसरा शब्द स्थळविशिष्ट. विशिष्ट जागेसाठी, तिची लांबी-रुंदी, उजेड, तिथे येणारी माणसं यांचा विचार करून केलेलं काम. ते काढून दुसरीकडे टांगलं तर त्याचा अर्थ उरत नाही किंवा बदलतो. रांगोळी हे याचं आपल्या घरातलं उदाहरण. ती उंबरठ्यापुढची असते, त्या दाराच्या रुंदीची असते, आणि ठिपक्यांची असेल तर बहुतेक वेळा कशाचंच चित्र नसते. आपण तिला कधी 'हे आहे काय' असं विचारत नाही.

तेवीस जोड्या

रुग्णालयाच्या भिंतीचा रुग्णावर खरोखर परिणाम होतो का? मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, आणि या विषयावरचा सर्वांत गाजलेला निबंध वर्षानुवर्षं वर्गात उदाहरण म्हणून वापरला. १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात रॉजर उलरिच यांनी तो प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशय काढलेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. काही खोल्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, लिंग, वजन अशा बाबी जुळवून त्यांनी तेवीस जोड्या लावल्या, एकूण ४६ रुग्ण. झाडं दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. झाडंवाल्यांनी तीव्र वेदनाशामकंही कमी घेतली.

वर्गात शिकवताना 'पित्ताशय' हा माझ्या लेखी नमुन्याचा एक तपशील होता. या जानेवारीत तो शब्द मला वेगळा ऐकू आला. तरी संख्याशास्त्राची सवय सुटत नाही. ४६ हा आकडा लहान आहे, रुग्णालय एकच आहे, आणि तेव्हाची पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया आजच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी जड होती. या निबंधावरून 'झाड लावा, पाऊण दिवस वाचवा' असा फलक करू नये. पण पलंगावरून जे दिसतं त्याची दखल शरीर घेतं, या शक्यतेचा विचार डॉक्टर आणि वास्तुरचनाकार त्यानंतर गांभीर्याने करू लागले.

अमूर्त चित्रांच्या बाजूने बोलणाऱ्याने उलरिच यांचा पुढचा अभ्यासही सांगायला हवा, कारण तो विरुद्ध जातो. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या रुग्णालयात, हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १६० रुग्णांपुढे अतिदक्षता विभागात वेगवेगळी दृश्यं ठेवली. काहींपुढे पाणी आणि झाडं, काहींपुढे दाट काळोखं रान, काहींपुढे अमूर्त चित्रं, काहींपुढे कोरा फलक, काहींपुढे काहीच नाही. १९९३ मध्ये निष्कर्ष मांडले गेले. मोकळं पाणी आणि झाडं पाहणारे रुग्ण कमी चिंतित होते. आणि सरळ रेषांच्या, कोनदार आकारांच्या अमूर्त चित्रापुढचे रुग्ण, ज्यांच्यापुढे काहीच नव्हतं त्यांच्यापेक्षाही जास्त अस्वस्थ होते.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातला प्रसंगही त्याच दिशेचा. कर्करोगाच्या रुग्णांना दिसतील अशा जागी 'पक्ष्यांची बाग' नावाची धातूची शिल्पं बसवली होती. आकार अमूर्त, टोकदार. पाहुण्यांना त्यात पक्षी दिसत; कित्येक रुग्णांना त्यात भलतंच काही दिसू लागलं. शेवटी ती शिल्पं हलवावी लागली. कारण समजण्याजोगं आहे. अमूर्त आकाराला स्वतःचं नाव नसतं, म्हणून बघणारा आपल्या मनातलं नाव त्याला देतो. वेल्डरच्या मनात त्याचं काम होतं. ज्याच्या मनात मरणाची भीती आहे, त्याला टोकदार लोखंडात तीच दिसणार.

मग अमूर्त कला रुग्णालयातून हद्दपारच करावी का? तसं करण्याआधी दोन कामं पाहायला हवीत.

गोल खोली आणि लांब बोळ

न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीतल्या एका बेटावर दीर्घकाळ आजारी असलेल्या रुग्णांसाठी १९३९ मध्ये एक मोठं रुग्णालय उघडलं, पुढे ते गोल्डवॉटर या नावाने ओळखलं गेलं. मंदीच्या काळात सरकार बेकार कलावंतांना काम देत होतं. त्या योजनेत इल्या बोलोटोव्स्की या रशियातून आलेल्या तरुण चित्रकाराला तिथल्या विश्रांतीच्या गोल खोलीची भिंत मिळाली. ते चित्र १९४२ च्या सुमारास पुरं झालं. संबंध गोल भिंतीवर निळे, फिके, मोकळे अमूर्त आकार. त्याचा विचार साधा होता: इथले रुग्ण महिनोन्महिने, काही तर वर्षानुवर्षं राहणार, त्यांना रोज तीच गोष्ट सांगणारं चित्र नको. विषय नसलेलं, रंग-रेषांनी निववणारं चित्र हवं. घरातल्या भिंतीवर टांगलेलं हसऱ्या बाळाचं कॅलेंडर दोन महिन्यांत डोळ्यांना दिसेनासं होतं, हा आपलाही अनुभव आहेच.

पुढे त्या भिंतीवर कोणीतरी साधा रंग चढवून टाकला. अनेक दशकं चित्र त्याखाली दडून राहिलं. या शतकाच्या सुरुवातीला वरचा रंग उतरवून ते पुन्हा उजेडात आणलं गेलं. नंतर रुग्णालयच बंद झालं, इमारत पाडायची ठरली, तेव्हा चित्र भिंतीवरून सोडवून घेतलं. त्याच जागी उभ्या राहिलेल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या नव्या संकुलात ते आज आहे. तिथे ते तरुण विद्यार्थी पाहतात. चित्र वाचलं याचा आनंद आहे, पण ज्यांच्यासाठी ते केलं होतं ते रुग्ण आता त्याच्यापुढे नाहीत.

दुसरं काम ब्रिजेट रायली या इंग्रज चित्रकर्तीचं. १९६० च्या दशकात त्यांची काळी-पांढरी चित्रं गाजली, ज्यांच्याकडे टक लावून पाहिलं की डोळे भिरभिरतात. अशा चित्रकर्तीला रुग्णालयाची भिंत द्यायची म्हणजे धाडसच. पण १९८३ मध्ये लिव्हरपूलच्या रॉयल रुग्णालयात त्यांनी भिरभिरवणारं काही केलं नाही. त्याआधी त्या इजिप्तला जाऊन आल्या होत्या. लक्सॉरजवळच्या थडग्यांत हजारो वर्षं टिकलेले मोजके रंग त्यांच्या मनात घर करून होते. तेच रंग घेऊन त्यांनी रुग्णालयाच्या लांब बोळांच्या भिंतींवर आडवे, सलग पट्टे ओढले. पुढे लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात १९८७ मध्ये आठव्या आणि नवव्या मजल्यासाठी, आणि २०१४ मध्ये दहाव्या मजल्यासाठी, त्यांनी असंच काम केलं. १९२८ साली फ्लेमिंगना पेनिसिलिन सापडलं ते हेच रुग्णालय.

इथे विचारी वाचक मला अडवील. उप्सालात सरळ रेषांनी रुग्ण अस्वस्थ झाले म्हणता, आणि रायलींच्या सरळ पट्ट्यांचं कौतुक करता? शंका रास्त आहे. उप्सालातलं चित्र हलू न शकणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे धरलेलं होतं. रायलींचे पट्टे ज्या बोळात आहेत तिथे माणूस चालत असतो, किंवा स्ट्रेचरवरून ढकलला जात असतो. आडवा पट्टा चालण्याच्या दिशेने जातो, नजरेला धरून पुढे नेतो, बोळ कुठे वळतो ते सांगतो, आणि कुणाकडून काही ओळखण्याची अपेक्षा करत नाही. बोलोटोव्स्कीने गोल खोलीसाठी गोल फिरणारं चित्र केलं, रायलींनी लांब बोळासाठी लांब पट्टा ओढला. उप्सालातली चित्रं मात्र कुठल्याही भिंतीवर चालली असती. माझ्या मते फरक पडतो तो इथे. चित्र अमूर्त आहे की समूर्त हा दुसरा प्रश्न. ते त्या जागेसाठी, त्या स्थितीतल्या माणसासाठी केलं आहे का, हा पहिला.

नवं खूळ नव्हे

उपचाराच्या जागी कला असावी, ही पाश्चात्त्यांची अलीकडची कल्पना आहे असं समजू नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पंधराव्या अध्यायात आतुरालय कसं असावं ते सांगितलं आहे. वारा खेळता हवा, धूर-धूळ नको, आणि औषधं-उपकरणांबरोबर तिथे गाणारे, वाजवणारे, गोष्टी सांगणारे लोकही हवेत.

आपण ज्या प्रदेशात राहतो तिथे तर याची दगडी साक्ष आहे. दमास्कसमध्ये नूरुद्दीन झंगी याने ११५४ मध्ये बिमारिस्तान, म्हणजे रुग्णालय, बांधलं. त्याच्या प्रवेशद्वारावर मुकर्नस आहे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी कोनाड्यांवर कोनाडे रचत नेलेली भौमितिक नक्षी. आत अंगण आणि मध्ये पाण्याचा हौद. आज तिथे वैद्यक आणि विज्ञानाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. तुर्कस्तानात दिवरिइ इथे १२२८-२९ मध्ये मशीद आणि रुग्णालय एकाला एक जोडून बांधलं गेलं. मशीद अहमद शाहने बांधवली, रुग्णालय तुरान मलिक या राजस्त्रीने. तिथल्या दारांवरचं कोरीवकाम पाहत उभं राहावं असं आहे. १९८५ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. सजीवांच्या आकृती टाळायच्या म्हणून इथल्या कारागिरांनी भूमिती, वेलबुट्टी आणि अक्षरं यांतूनच सगळं सांगितलं. म्हणजे रुग्णालयाच्या दारावर अमूर्त, त्या जागेसाठी घडवलेली कला आठ-नऊ शतकांपूर्वी या भागात होतीच.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या शेजारी दोहाचं. तिथल्या सिद्रा या स्त्रिया आणि बालकांच्या रुग्णालयासमोर डेमियन हर्स्ट यांची चौदा प्रचंड ब्राँझशिल्पं आहेत. गर्भधारणेपासून जन्मापर्यंतच्या अवस्था, शेवटी नवजात बाळ. २०१३ च्या ऑक्टोबरात त्यांचं अनावरण झालं आणि थोड्याच दिवसांत ती झाकली गेली. बांधकाम चालू असल्याने ती जपायची आहेत, हे दिलं गेलेलं कारण. लोकांत त्यांच्यावर टीकाही बरीच झाली होती. २०१८ मध्ये ती पुन्हा उघडी झाली. शिल्पं प्रसूतीच्या रुग्णालयासाठीच घडवलेली, विषय जागेला धरून. तरी मला एक विचार येतोच. जिचं बाळ पोटातच गेलं अशी आईसुद्धा त्याच दारातून बाहेर पडते. स्पष्ट चित्र सगळ्यांना एकच गोष्ट सांगतं, आणि रुग्णालयाच्या दारातून आत-बाहेर करणाऱ्यांच्या गोष्टी एक नसतात.

मुसफ्फासाठी

म्हणून मला वाटतं, अमूर्त कलेचं काम मुसफ्फासारख्या जागी जास्त आहे. इथे समुद्रकिनारा रंगवला तर तो केरळच्या माणसाचा होईल, बर्फाचा डोंगर नेपाळ्याचा. दोघांनाही घरची आठवण येईल, आणि आजारपणात ती नेहमीच सुखाची असते असं नाही. रंगांचा पट्टा कुणाच्याच गावचा नाही, म्हणून तिथे सगळ्यांना जागा आहे. शिवाय तो वाचता न येणाऱ्यालाही वाट दाखवतो. "निळ्या पट्ट्याने सरळ जा, पिवळा लागला की एक्स-रे," हे कोणत्याही भाषेत सांगता येतं, हाताने दाखवूनही सांगता येतं.

पण ती कला कुठे आहे ते पाहिलं की वाईट वाटतं. दर्शनी दालनात, जिथे रुग्ण दोन मिनिटं थांबतो, तिथे मोठं काम. जिथे तो तासन् तास असतो तिथे काही नाही. डायलिसिसची खुर्ची आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास. तिच्यासमोर बहुतेक ठिकाणी टीव्ही. शस्त्रक्रियेपूर्वी थांबवतात ती खोली, एमआरआयची वाट पाहण्याची जागा, कामगारांच्या वैद्यकीय तपासणीच्या रांगा. त्या रांगेतल्या माणसाचा व्हिसा, नोकरी, गावाकडचं कर्ज, सगळं एका रक्ताच्या नळीवर अवलंबून असतं. त्या भिंतीला आपण पांढरा रंग आणि सूचनांचे कागद देतो.

चित्राने खडा विरघळत नाही, हे मी जाणतो. आधी पुरेशा परिचारिका, पांघरायला ऊबदार ब्लँकेट, 'अजून वीस मिनिटं लागतील' असं सांगणारं माणूस. त्यानंतर भिंत. पण भिंत आणि छत बांधावं लागतंच, रंगवावंही लागतंच. ते विचार करून करायला फार जास्त पैसा लागत नाही. होमी भाभांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी करताना बांधकामखर्चातला एक टक्का कलेसाठी राखण्याचा प्रघात घातला, आणि विज्ञानसंस्थेच्या भिंतींवर हुसेन, गायतोंडे आले. एखाद्या रुग्णालयाने एक टक्काही न देता, नुसतं छत पुन्हा करायची वेळ येईल तेव्हा चार प्रश्न विचारले तरी पुष्कळ झालं. इथे माणूस उभा असेल, बसलेला की आडवा? त्याला इथून हलता येतं का? किती वेळ तो इथे असेल? आणि सहा महिन्यांनी त्यालाच, म्हणजे रुग्णाला, कोणी विचारणार आहे का?

आपल्या मंडळात रुग्णालयांत काम करणारे आहेत, अंतर्गत सजावट करणारे आहेत, फॅब्रिकेशनची वर्कशॉप चालवणारेही आहेत. जंतुनाशकाने पुसता येईल, सांधे राहणार नाहीत, आगीच्या नियमात बसेल असा पत्रा कसा बनवायचा ते मुसफ्फाला शिकवायला नको. एखाद्या छोट्या दवाखान्याचं एक छत, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. पोलादाचे ते घासून टाकले जाणारे रंग एका पत्र्यावर मुद्दाम राखले, तर त्या मुलासारखे कितीतरी जण ते ओळखतील. फक्त आकार टोकदार नकोत, आणि बसवण्यापूर्वी ज्यांना झोपून ते बघायचं आहे त्यांना एकदा दाखवावेत.

गुढीपाडव्याला पत्नीने शाबियातल्या आमच्या दारापुढे, इमारतीच्या टाइल लावलेल्या बोळात, तीच रांगोळी काढली. नऊ ठिपके, नऊ ओळी. नर्स आली तेव्हा कुठली ओळ चुकली होती, ती तिने मला बोट ठेवून दाखवली. संध्याकाळी बोळ पुसायला येणारा बांगलादेशी मुलगा थांबला, त्याने बादली बाजूला ठेवली आणि रांगोळीच्या कडेकडेने पुसून गेला. असं त्याने तीन दिवस केलं. त्याला कोणी तसं सांगितलं नव्हतं.